सुपातली मुलगी

पत्र असं आहे. थोडं कापलंय, मजकूर तिचाच.

"ताई, नमस्कार. मी छत्तीस वर्षांची. नाशिकला सातपूर एमआयडीसीत एक लहानसा गाळा भाड्यानं घेऊन चिनीमातीचं काम करते. बडोद्याला शिकले आणि लग्नानंतर परत नाशिकलाच आले. गेली दोन वर्षं पोर्सेलिनमध्ये एकच मालिका चाललीय, माझ्या लहानपणावर. आई विड्या वळायची. सात-आठ वर्षांची असल्यापासून शाळेतून आले की मी तिच्या शेजारी बसून विड्यांची तोंडं बंद करायचे. (उरलेल्या पानांच्या कात्रणांची भातुकली मांडायचे.) मांडीवर सूप घेतलेली मुलगी, उभ्यानं दोरा धरलेली मुलगी, विड्यांच्या कट्ट्यांची पिशवी घेऊन कारखान्याकडे निघालेली मुलगी, अशा चौदा मूर्ती केल्या. प्रत्येक साधारण सोळा इंचांची. त्यातल्या नऊ भट्टीत वाया गेल्या. कुणाचे घोटे वाकले, कुणाच्या मानेला तडा.

गेल्या महिन्यात आई गाळ्यावर आली. सगळं बघून एवढंच म्हणाली, 'एवढं वाईट ठेवलं होतं का गं मी तुला?' तेव्हापासून फोनवर फक्त 'जेवलीस का' विचारते. भाऊ म्हणतो, आता सगळं नीट झालंय, तर जुनं उकरून लोकांना कशाला दाखवतेस? मुंबईच्या एका गॅलरीला फोटो पाठवले. ते म्हणाले, चेहरे जरा गोड करा. गंगापूर धरणाकडच्या एका रिसॉर्टला द्राक्षांच्या टोपल्या घेतलेल्या पंचवीस मुली हव्यात, पैसे बरे देतायत. पोर्सेलिन सोडून स्टोनवेअर धरू का? प्रदर्शन करू की नको? सोबत सात फोटो पाठवतेय. आणि मला अहो-जाहो करू नका. — चिनीमातीवाली, नाशिक"

चिनीमातीवाली,

बरं, तू तर तू. फोटो सातही पाहिले. मोबाइलवर पाहिलेलं मी पाहिलं धरत नाही, म्हणून लेकाच्या मोठ्या स्क्रीनवर लावले, चष्मा बदलला, आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडून बसले.

घोट्यांपासून सुरू करू. आईचं नंतर. तुला आधी आईचंच ऐकायचं असणार, पण घोट्यांचं कळल्याशिवाय मला ते नीट सांगता येणार नाही.

तुला पाठ असेल, वाचणाऱ्यांसाठी सांगते: पोर्सेलिन म्हणजे ढोबळमानानं अर्धं केओलिन (पांढरी चिनीमाती), आणि उरलेल्या अर्ध्यात फेल्स्पार नावाचं वितळणारं खनिज आणि गारगोटीची पूड. भट्टी 1250–1300 अंशांकडे गेली की फेल्स्पार वितळतं, कणांच्या फटींत काचेसारखं भरतं, आणि थंड झाल्यावर ते पातळ पांढरं भांडं मिळतं ज्यातून उजेड दिसतो. पण वर असताना ती अख्खी मूर्ती मऊ असते. कुंभाराच्या लाल मातीसारखी ताठ उभी राहत नाही, पाक नुकता धरलेल्या वडीसारखी असते. उजेड ज्यामुळे आरपार जातो त्यामुळेच घोटा वाकतो. त्यात तुझ्या मुलींची डोकी (दुसरा फोटो, फुटलेल्या मानेचा) आतून जवळजवळ भरीव आहेत. एवढं वजन दोन काडीएवढ्या पायांवर, तेही पाय मऊ असताना. वाकणार नाहीत तर काय!

उपाय तुला माहीत असणार. डोकं, धड, सगळं पोकळ, आणि भिंत सगळीकडे सारखी, सात-आठ मिलिमीटर. एका पोकळीतून दुसरीत हवा जायला भोक, आणि शेवटी तळातून बाहेर. हे भोक विसरल्याची शिक्षा मी एकदा भोगलीय. आतून ओलं राहिलेलं एक बंद डोकं बिस्कच्या (झिलईआधीच्या पहिल्या) भट्टीत फुटलं, आणि शेजारच्या थरावर एका विद्यार्थिनीचे सहा महिन्यांचे कप होते. ती अजून माझ्याशी बोलते, तो तिचा मोठेपणा. उभ्या मूर्तीला टेकू द्यायचा तर त्याच मातीचा, त्याच दिवशी केलेला. मूर्ती आकसेल तेवढाच तोही आकसला पाहिजे. विटेचा तुकडा लावलास तर मूर्ती सोळाची चौदा इंच होते, वीट आहे तेवढीच राहते, आणि ती काखेत रुतते. टेकूच्या टोकाला ॲल्युमिनाचा, म्हणजे न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडीचा, हात फिरव, नाहीतर चिकटेल.

मानेचे तडे वेगळे. ते भट्टीत पडत नाहीत, गाळ्यातच पडतात, भट्टी फक्त दाखवून देते. धड दोन दिवसांचं वाळलेलं आणि डोकं आज सकाळी केलेलं, दोघांना जोडलंस की डोकं नंतर आकसतं आणि सांधा ओढतं. नाशिकची हवा तुला माहीतच आहे, मार्च ते मे दुपारी गाळ्यात ओलं फडकं तासाभरात कडक होतं. जोडल्यावर पूर्ण मूर्ती प्लॅस्टिकखाली आठवडाभर ठेव, एक कोपरा रोज थोडा उघड. उभ्या मूर्ती करायच्याच असतील तर जून ते सप्टेंबर धर. पावसाला सगळे शिव्या देतात, पण आपल्या कामाला तो चांगला असतो. थोड्या मातीत कागदाचा लगदा मिसळूनही बघ. वाळलेला भाग वाळलेल्याला जोडता येतो, तडे खूप कमी होतात. बिस्कला धूर होईल, दार-खिडकी उघडी ठेव. आणि भट्टी उतरताना 573 अंशांच्या आसपास घाई नको. गारगोटीचा कण तिथे आपलं आकारमान एकदम बदलतो, आणि जाडपातळ मूर्ती त्या झटक्याला चिरते.

शिवाय पोर्सेलिनला आठवण असते. मान डावीकडे वळवून, न आवडून परत सरळ केलीस, तर भट्टीतून ती पुन्हा किंचित डावीकडे वळून येते. केओलिनचे कण चपटे असतात, एकदा झुकले की पुरते परतत नाहीत. लहानपणावरच्या कामाला ही उपमा इतकी आयती आहे की माहितीपत्रकात लिहायचा मोह होणारच. लिहू नकोस, दर दुसऱ्या सिरॅमिकवाल्यानं ती लिहिलेली आहे. फक्त मान एकदाच वळव.

एवढं सगळं सांगितल्यावर स्टोनवेअर, म्हणजे उजेड आरपार न जाऊ देणारी भक्कम माती, धर म्हणायला हवं. ते उभं राहतं, माफ करतं, स्वस्त पडतं. पण तुझ्याच फोटोत एक गोष्ट आहे. वाचलेल्या पाचांपैकी चार बसलेल्या आहेत.

मांडी घालून बसलेलं माणूस हा पोर्सेलिनला सगळ्यात मानवणारा आकार. खाली रुंद, वर निमुळता, वजन थेट जमिनीवर, बारीक घोट्यांवर काही नाही. चीनमध्ये देहुआच्या कारागिरांनी दुधासारख्या पांढऱ्या पोर्सेलिनमध्ये बसलेल्या ग्वानयिन (बौद्धांची करुणेची देवी) शेकड्यांनी केल्या. आपल्या देव्हाऱ्यातला गणपतीही बसलेलाच बरा राहतो, हे शाडूवाल्याला विचार. आणि विडी वळणारी बाई दिवसाचे आठ-दहा तास कशी असते? मांडी घालून, मांडीवर सूप. तू हट्टानं मुलगी उभी करतेयस, आणि भट्टी तिला खाली बसवतेय. म्हणून पोर्सेलिन सोडू नकोस, उभं राहणं सोड.

आता तिसरा फोटो, सूपवाली मुलगी. मोठा करून पाहा. तिनं विडी कशी धरलीय? पेन धरतो तशी, तर्जनी आणि अंगठ्यात, डोळ्यांसमोर उचलून. हात फार सुंदर झालेत, नखंसुद्धा. पण असा हात धरून संध्याकाळपर्यंत शंभर विड्यांचीही तोंडं होणार नाहीत गं. आमच्या गल्लीत चार घरी विड्या वळायच्या, मी शेजारी बसून बघितलंय. रात्री भिजवलेली पानं सकाळी ओल्या गोणपाटात. पत्र्याचा चौकोनी फर्मा ठेवून कात्रीनं पान कापायचं, चिमूटभर जर्दा, आणि मग दोन्ही अंगठे पुढे सरकतात आणि पान वळून जातं. रुंद तोंड दुमडायचं ते अंगठ्याच्या नखानं किंवा पत्र्याच्या बारक्या पट्टीनं, आणि हात खाली, सुपाच्या काठाला टेकलेले. बघायची गरजच नसते. त्या बायका गप्पा मारत, पोराला रागावत, दारातून जाणाऱ्या भाजीवाल्याशी भावात घासाघीस करत वळायच्या. कामाकडे त्यांची नजर फक्त दोरा गुंडाळताना जायची.

तुझी मुलगी कामाकडे बघतेय, डोळे खाली, ओठ मिटलेले, खांदे पडलेले. हे विडी वळणाऱ्या मुलीचं शिल्प नाही. एका विडी वळणाऱ्या मुलीबद्दल वाईट वाटणाऱ्या मोठ्या बाईचं आहे. ती मोठी बाई तू आहेस, आणि तुला वाईट वाटण्याचा हक्क आहे. पण तू वरून बघतेयस, पाच फुटांवरून. ती मुलगी कुठून बघत होती?

म्हणून तुझ्या आईचा प्रश्न मला बरोबर वाटतो. त्यांना शिल्पातली खोट कळली, फक्त शब्द त्यांच्याकडे आपल्या धंद्यातले नाहीत. तू लिहिलंस की त्या असं म्हणाल्या आणि तेव्हापासून फक्त जेवणाचं विचारतात. पत्र मी तीनदा वाचलं. तू त्यांना काय उत्तर दिलंस ते त्यात कुठेच नाही. त्यांनी प्रश्न विचारला होता बाई! शेवटी 'का गं' होतं. त्या वाट बघतायत आणि मधल्या वेळात तुझ्या जेवणाची चौकशी करतायत.

एक माझं सांगते. माझे वडील शिंपी. चाळिशीत मी त्यांचं एक शिल्प केलं, मशीनवर वाकलेले, चष्मा नाकावर, पाठीला बाक, फार 'कष्टकरी'. सगळ्यांनी वाखाणलं. वडील आले, भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "पायडलवर दोन्ही पाय एका रेषेत? असं चालवलं तर सुई तुटेल." मग त्या वयात खाली बसले, माझे पाय धरून पायडलवर ठेवले, उजवा थोडा पुढे, टाच उचललेली. मी घरी जाऊन ते शिल्प मोडलं. नवं केलं त्यात फक्त पायडल आणि दोन पाय होते. आपण त्यांच्यावर दया केली होती याचं त्यांना काही वाटलं नसावं. पाय चुकीचे ठेवले होते, ते मात्र त्यांना झोंबलं होतं.

तर आईकडे जा. मूर्ती नको, फोटो नको. दीड-दोन किलो कच्ची माती घेऊन जा, आणि पानं मिळाली तर पानं. सांग, "माझे हात चुकलेत, मला दाखव." परवानगी मागू नकोस, ती मागितलीस की त्यांना 'हो' किंवा 'नाही' म्हणावं लागेल, आणि दोन्ही त्यांना जड जाईल. चुका काढायला सांग. हे कुठलीही आई आनंदानं करते. त्या पान हातात घेतील तेव्हा काय बोलतात ते ऐक. प्रत्येक गोष्टीला नाव असेल, आणि ती नावं तू विसरली असशील. आणि त्यांनी विचारलं होतं त्याचं उत्तर त्याच दिवशी दे, वळता वळता. 'वाईट नव्हतं' असं म्हणू नकोस, तसं तुला वाटत असेल तरच म्हण. खोटं बोललीस तर त्या तुझ्यापेक्षा आधी ओळखतील.

त्यांच्या मनात अपराधाचा एक खिळा आहे, आणि तो त्यांनी स्वतः ठोकलेला नाही. 1986 च्या बालकामगार कायद्यानं चौदा वर्षांखालच्या मुलांना ज्या कामांवर ठेवायला बंदी केली त्या यादीत विडी वळणं होतंच. पण त्याच कलमात एक वाक्य असं होतं की घरचा माणूस घरच्यांच्या मदतीनं काम करत असेल तर ही बंदी लागू नाही. म्हणजे कारखान्यात सात वर्षांची मुलगी बसली तर गुन्हा, आणि कारखान्यानं तेच काम घरी पाठवलं, हजारीच्या दरानं मोजून घेतलं, तर ती मुलगी 'आईला मदत' करतेय. तू त्या वाक्यात वाढलीस. दर हजाराला, हजार भरले नाहीत तर चूल अडते, आणि बाजूला तुझी दहा बोटं रिकामी. आईनं तुला बसवलं, हे खरंच. पण बसवायची जागा आधीच कुणीतरी करून ठेवली होती. हे मला तुझ्या चौदा मूर्तींत कुठेच दिसलं नाही, आई आणि मुलगी एवढंच दिसलं, आणि मग दोष द्यायला आईच उरते. मोजून घेणारा हात कुठाय? कट्टा उचलून, वजन करून, चार विड्या खराब म्हणून बाजूला फेकणारा? मूल म्हणून तो तुला कसा दिसत असेल? मला वाटतं, टेबलाच्या कडेवरून येणारा नुसता हात, वर चेहरा नाहीच. तेवढं कर.

आता तुझ्या कंसाबद्दल. 'उरलेल्या पानांच्या कात्रणांची भातुकली मांडायचे', हे वाक्य तू कंसात टाकलंस. पत्रातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच, आणि चौदांपैकी एकाही मूर्तीत ते नाही! फर्म्याबाहेर उरलेली पानाची कडा. त्याचं ताट केलं होतंस का? पोळी? जर्द्याची भाजी वाढलीस का कुणाला? बाहुली होती की दोन विड्यांना दोरा बांधून नवरा-नवरी? मला हे बघायचंय. आईला दर हजारी पैसे देणाऱ्या त्या पानातून, कुणी मोजत नव्हतं असा तुकडा उचलून तू घर मांडलंस.

यासाठी तंत्रही सोपं आहे. पान पोर्सेलिनच्या पातळ स्लिपमध्ये (पाण्यात कालवलेल्या मातीत) बुडव, निथळू दे, वाळलं की पुन्हा बुडव, तीन-चार वेळा. भट्टीत पान जळून जातं आणि शिरांसकट त्याचं पांढरं कवच राहतं, अंड्याच्या टरफलाएवढं पातळ. अर्धी फुटतील, फुटू देत. कात्रणंच आहेत ती. फक्त मेहेरबानी करून हजार विड्या करून ढीग घालू नकोस. ढिगाचं काम आय वेवे या चिनी कलाकारानं 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न संग्रहालयात करून झालंय, पोर्सेलिनच्या दहा कोटी सूर्यफूल-बिया, चीनमधल्या जिंगदेझेनच्या सोळाशे कारागिरांनी एकेक हातानं रंगवलेल्या. लोक त्यावरून चालायला लागले तशी धूळ उडाली, आणि काही दिवसांतच त्यावरून चालणं बंद करावं लागलं.

धुळीवरून आठवलं. सहाव्या फोटोत मागे झाडू दिसतोय. गाळा कोरडा झाडू नकोस, कधीच. केओलिनच्या आणि गारगोटीच्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात बसली की निघत नाही. ओलं पुसायचं, घासकाम पाण्याखाली करायचं, आणि कापडी नाही तर धुळीचा नीट बसणारा मास्क. लहानपण जर्द्याच्या धुळीत गेलं तेवढं पुरे.

'गोड करा' म्हणणाऱ्यांवर रागावू नकोस, त्यांना इतिहास माहीत नसेल पण ते इतिहासाला धरूनच बोलतायत. युरोपातले उमराव जेवणाच्या मेजावर साखरेच्या मूर्ती मांडायचे. जर्मनीत माइसेनला 1710 मध्ये पोर्सेलिनचा कारखाना निघाला, 1731 मध्ये केंडलर नावाचा शिल्पकार तिथे रुजू झाला, आणि त्या मेजावर साखरेच्या जागी पोर्सेलिनच्या छोट्या मूर्ती आल्या. म्हणजे ही मूर्तिकलाच साखरेची वारस. बोरन्हाणाला आपण पोरांना हलव्याचे दागिने घालतो ना, तसलं. त्याच कारखान्यानं पॅरिसच्या रस्त्यांवर ओरडून माल विकणाऱ्या फेरीवाल्यांची एक मालिका केली. ज्यांना हवेलीच्या दारातून आत घेतलं नसतं ते लोक, गुलाबी गालांचे होऊन, थेट जेवणाच्या मेजावर. तुझ्या रिसॉर्टवाल्यांना द्राक्षं तोडणारी मुलगी हवीय ती नेमकी अशी. निफाड-दिंडोरीत हंगामात बागेत कोण राबतं, त्यात किती वयाच्या पोरी असतात, ते तुला मी सांगायला नको.

उलट दुसरं उदाहरण बघ. बीजिंगच्या राजवाड्याच्या संग्रहालयात सुंग काळातली एक पांढरी उशी आहे, डिंग भट्ट्यांची. उशी म्हणजे एक मुलगा. पालथा पडलाय, हातांची घडी, त्यावर डोकं, मागे पाय एकमेकांवर. त्याच्या पाठीवर आपण डोकं ठेवायचं. तो कुणाकडे गोड बघत नाही, दीनवाणाही नाही. आपल्याच नादात आहे. नऊशे-हजार वर्षं झाली, अजून त्याला कुणाचं काही पडलेलं नाही. पोर्सेलिनमध्ये मूल करायचं तर मला ते तसं आवडतं. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, असं आपण टोमणा म्हणून म्हणतो. पण तुझी मुलगी खरोखरच सुपाशी बसून हसत असणार कधीतरी, वळता वळता, आईनं शेजारणीची नक्कल केल्यावर. त्याचा एखादा तरी फोटो मला हवा होता.

ऑर्डर घे. गाळ्याचं भाडं आणि विजेचं बिल उपमांवर भागत नाही. पण मुली देऊ नकोस. वेल दे, घड दे, पानांची ताटं दे, साच्यातून ओतून काढ, लाल मातीत. निम्मे पैसे आधी आणि लेखी. दर काढताना जे भट्टीत गेलं त्याचाही खर्च जे वाचलं त्यावर चढव. चौदातले पाच वाचणार असतील तर पाचांनी चौदांची वीज भरायची असते. हे बडोद्याला शिकवत नाहीत, निदान माझ्या ओळखीच्यांना शिकवलं नव्हतं. 'मुलीच हव्यात' म्हणाले तर नाही म्हण आणि त्यांना दुसऱ्या कुणाचा नंबर दे.

भाऊ. त्याला त्याच्या मुलांच्या शाळेतल्या पालकांनी काय म्हणावं याची काळजी आहे, आणि ती खोटी नाही. त्याचा चेहरा, त्याचं नाव कुठे येऊ देऊ नकोस. तेवढं त्याला देणं लागतेस, बाकी नाही. तोही त्या घरात होता, त्याच्या वाटणीला काय काम होतं ते पत्रात नाही. एकदा विचार.

आणि प्रदर्शन: हो. पण अजून नाही, आणि मुंबईला तर आधी नाहीच. जहांगीरला अर्ज केलास तरी पाळी यायला वेळ लागतो, तो वेळ कामाला लाव. पहिलं नाशिकमध्ये कर. कुसुमाग्रज स्मारकासारखी जागा मिळाली तर छान, नाही मिळाली तर ज्या वस्तीत तुम्ही राहत होतात तिथल्या एखाद्या हॉलमध्ये, एका रविवारी, दुपारी तीन ते सहा. ज्या बायकांचे अंगठे अजून तसे वाकलेले आहेत त्यांना बोलाव. चौथऱ्यावर काही मांडू नकोस. जमिनीवर, गोणपाटावर मांड, म्हणजे बघणाऱ्याला खाली बसावं लागेल. बायका बसतील, त्यांना सवय आहे. गॅलरीवाले आले तर त्यांच्या गुडघ्यांचं ते बघतील.

आईचा चेहरा मात्र करू नकोस, निदान या खेपेला. हात कर, मांडी कर, सुपाचा काठ कर. सात वर्षांच्या मुलीला शेजारी बसल्यावर आईचं तेवढंच दिसतं. चेहरा बघायला मान वर करावी लागते, आणि तुझं लक्ष कात्रणांवर होतं. पुढे कधी त्या स्वतःच म्हणाल्या, "माझं तोंड का नाही केलंस?" तर मग बसव समोर.

पुढच्या वेळी बाकीच्या फुटलेल्यांचेही फोटो पाठव, तडा कुठून सुरू झाला ते दिसेल असे, जवळून. आणि आईंना दोऱ्याचं विचार, कोणत्या रंगाचा असायचा. मला लाल आठवतोय, पण ती आमच्या गल्लीची गोष्ट. तुमच्या कारखान्याचा वेगळा असेल.